न थरथरणारी जेली

“ही जेली आहे की वडी?” एका घरगुती वाढदिवसाला काकूंनी ताटलीतल्या लाल चौकोनाला चमच्यानं टोचत विचारलं. चमचा आत शिरायच्या ऐवजी कडेचा टवका उडाला आणि चौकोन होता तिथंच, ढिम्म. त्यात जिलेटिन नव्हतं, दूधही नव्हतं. घरातल्या व्हीगन मुलीसाठी मुद्दाम केलेली अगर-अगरची, म्हणजे चायना ग्रासची, जेली होती ती. काकूंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळेना. सगळे हसले, कुणीतरी “हेल्दी असतं ते” म्हणून विषय मिटवला आणि उरलेले चौकोन ताटल्यांच्या कडेला तसेच राहिले. मला मात्र तो प्रश्न पुरला. प्रश्न रास्त होता, आणि त्यात दोष ना करणारीच्या हाताचा होता, ना अगर-अगरचा. दोष होता तो एकाची मापं दुसऱ्याला लावण्याचा.

जिलेटिनच्या नेहमीच्या पाककृतीत अर्धा लिटर पाण्याला साधारण १० ग्रॅम जिलेटिन पडतं. “जिलेटिनऐवजी तेवढंच अगर-अगर घ्या” असं कुठंतरी वाचून १० ग्रॅम पावडर पातेल्यात गेली की पुढचं सगळं ठरलेलं. चांगल्या प्रतीची अगर पावडर अर्धा लिटरला २ ग्रॅम घातली तर जेमतेम उभी राहणारी, चमच्यानं अलगद उचलायची मऊ जेली होते. ४ ग्रॅमला तिचे सुरीनं स्वच्छ चौकोन पडतात, ५ ग्रॅमला ती साच्यातून न ढासळता बाहेर येते. १० ग्रॅमला जे होतं त्याला काकूंनी अचूक नाव दिलं होतं. पण नुसतं प्रमाण कमी केल्यानंही प्रश्न पुरता सुटत नाही. २ ग्रॅमची मऊ जेलीसुद्धा लहानपणी खाल्लेल्या, बशी हलवली की थरथरणाऱ्या जेलीसारखी लागत नाही. ती मऊ असते, पण लवचिक नसते. चमचा लागला की तुटते, आणि तुटलेली बाजू ओलसर, काचेसारखी स्वच्छ दिसते.

याचं कारण तापमानात आहे. जिलेटिन हे जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेलं प्रथिन. ते फ्रिजच्या गारव्यात थिजतं आणि ३०–३५ अंशाच्या आसपास वितळायला लागतं. म्हणजे आपल्या तोंडाच्या उबेला ते टिकतच नाही, आणि ‘जिभेवर विरघळली’ हे जेलीचं सगळं कौतुक तिथून येतं. अगर-अगर लाल समुद्री शेवाळातून निघतं. ती साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी असते. उकळत्या पाण्यात विरघळलेलं अगर साधारण ३५ ते ४० अंशांना थिजतं, पण एकदा थिजलं की पुन्हा वितळायला त्याला ८५ अंश लागतात. थिजणं आणि वितळणं यांत जवळजवळ ५० अंशांची दरी! तोंडाची ऊब त्या दरीच्या तळाशीच राहते, ८५ पर्यंत ती पोचतच नाही. त्यामुळे अगरची जेली दातांनी तोडावी लागते किंवा जीभ टाळूला दाबून मोडावी लागते.

तोंडात विरघळणारी जेली अगरपासून होत नाही, कितीही मनधरणी करा.

हाच हट्टी गुण एका वेगळ्याच खोलीत फार उपयोगी पडला. १८८१ च्या सुमारास वाल्टर हेसे हा जर्मन डॉक्टर जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या बर्लिनमधल्या प्रयोगशाळेत जंतू वाढवत होता, तेही जिलेटिनवर. उन्हाळा आला की जिलेटिन वितळायचं, आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. त्याची बायको फॅनी घरी फळांच्या जेली करायची. त्या उन्हाळ्यातही टिकायच्या, कारण ती अगर-अगर वापरायची. जावामध्ये राहून आलेल्या एका डच शेजारणीकडून न्यूयॉर्कमध्ये असताना ती ते शिकली होती. तिनं ते प्रयोगशाळेसाठी सुचवलं, आणि १८८२ साली क्षयाच्या जंतूवरच्या कॉखच्या लेखात अगरचा उल्लेख आला. फॅनीचं नाव आलं नाही. आजही पॅथॉलॉजी लॅबमधल्या बशांत तेच असतं. ३७ अंशांच्या उबेत दिवसच्या दिवस न वितळणं हा जंतूंसाठी गुण. जिभेला तो अवगुण वाटतो, तो निव्वळ आपल्या अपेक्षेमुळे.

आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर ती अपेक्षाच मुळात चुकीची. मुंबईत दुपारी पंगत बसेपर्यंत जिलेटिनची जेली बशीत पाणी होऊन पसरते. अगरची जेली फ्रिजमध्ये न ठेवताही अर्ध्या-पाऊण तासात ओट्यावर थिजते, डब्यातून लोकलनं जाते आणि वीज गेली तरी बसकण मारत नाही. चायना ग्रास या नावानं ती इथल्या किराणा दुकानांत कधीपासून आहेच. रमजानमध्ये अनेक मुस्लिम घरांत थंड दुधातला चायना ग्रास होतो, मदुराईच्या जिगरथंडात त्याचे पारदर्शक तुकडे असतात. ही सगळी खाणी जिभेवर विरघळण्याचं वचन देत नाहीत. ती गार, ओली असतात, तुकड्यातुकड्यांनी खायची असतात.

आता दुकानात काय मिळतं ते पाहू. चायना ग्रासच्या पिवळसर, सुरकुतलेल्या पट्ट्या बहुधा १० ग्रॅमच्या पुडीत येतात. पावडर वेगळी मिळते, आणि परदेशातल्या आशियाई किंवा ऑरगॅनिक दुकानांत पातळ कपच्यांसारखे फ्लेक्सही. तिन्ही एकच वस्तू, पण तिन्हींचा चमचा सारखा नाही. एक छोटा चमचा पावडर सपाट भरली तर साधारण २ ग्रॅम होते, दाबून भरली तर ३ च्या घरात जाते, आणि एवढ्या फरकानं मऊ जेलीची कडक जेली होते. फ्लेक्स असतील तर एक छोटा चमचा पावडरीच्या जागी एक मोठा चमचा घेतात. पट्ट्यांची ताकद बहुतेक वेळा पावडरपेक्षा कमी असते. १० ग्रॅम पट्ट्यांत १ लिटरची मऊ खीरवजा जेली बसते, कापायची असेल तर पाऊण लिटरच्या आत थांबावं. हे आकडे सुरुवातीपुरते. दर कंपनीच्या पावडरीची पकड वेगळी असते. काही पाकिटांवर ‘जेल स्ट्रेंग्थ’ म्हणून ७००, ९०० असा आकडा दिलेला असतो, तो जितका मोठा तितकी पावडर कमी लागते. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घरी नसेल आणि जेली वरचेवर होत असेल, तर आधी काटा घ्यावा, साचे नंतर.

पावडर गरम पाण्यात टाकली की तिच्या गुठळ्या होतात, वरून थिजतात आणि आत कोरड्या राहतात. म्हणून ती मोजलेल्या थंड पाण्यावर भुरभुरायची, पाच-दहा मिनिटं फुगू द्यायची, मग ढवळत ढवळत उकळी आणायची. उकळी फुटली म्हणजे काम झालं नाही. खळखळ उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी तीन ते पाच मिनिटं लागतात. पट्ट्या अर्धा तास भिजवून, पिळून, कात्रीनं तुकडे करून घातल्या तरी दहा-पंधरा मिनिटं. झालं की नाही हे चमच्याच्या पाठीवर कळतं. चमचा बुडवून उजेडात धरायचा, पातळ थर निर्मळ दिसला तर ठीक. त्यात वाळूचे कण किंवा पारदर्शक धागे दिसले तर अगर अजून पुरतं विरघळलेलं नाही. असं अर्धवट शिजलेलं अगर मग वरून पाणीदार आणि खाली कडक थिजतं, आणि लोक प्रमाणाला दोष देऊन पुढच्या वेळी दुप्पट घालतात. निम्म्या वातड जेल्यांचा इतिहास मला वाटतं हाच असावा. शिजवताना पाणी आटतं हेही विसरून चालत नाही. अर्धा लिटरचं सव्वाचारशे मिली उरलं तर जेली तेवढी घट्ट होणारच, म्हणून शेवटी वजन करून तेवढं उकळतं पाणी भरून काढायचं.

साखर अगर विरघळल्यावर. आधी घातली तर ती पाणी धरून बसते आणि अगरला भिजायला पाणी उरत नाही. नंतर घातलेली साखर उलट मदत करते. जेली जरा जास्त निर्मळ होते, पक्की बसते, तिला पाणी कमी सुटतं. गोडाचं माप मात्र पातळ असतानाच्या चवीवर सोडू नये. जेली विरघळत नसल्यामुळे चव एकदम जिभेवर पसरत नाही, तुकडा मोडेल तशी थोडी थोडी बाहेर येते, आणि गारव्यानं गोडी आणखी दबते. पातेल्यात चाखताना ‘जरा जास्तच झालं’ असं वाटलं पाहिजे. वेलची, केशर, गुलाबपाणी यांचंही तेच.

आच बंद करायच्या आधी एक थेंब-परीक्षा करावी. फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या ताटलीवर चमचाभर मिश्रण टाकायचं. मिनिटभरात ते थिजतं आणि बोटानं सरकवून, मोडून, खाऊन बघता येतं. कडक वाटलं तर गरम पाणी किंवा रस वाढवायचा. सैल वाटलं तर थोडी पावडर वेगळ्या पाण्यात उकळून त्यात ओतायची. अगर या बाबतीत उदार आहे. पूर्ण थिजलेली जेलीसुद्धा तुकडे करून थोड्या पाण्यात पुन्हा उकळली की पातळ होते आणि परत थिजते. याला एक मोठा अपवाद आंबटाचा.

आंबट पदार्थात अगर उकळलं की त्याच्या साखळ्या तुटतात. कोकम, लिंबू, चिंच, पॅशनफ्रूट, आंबट द्राक्षाचा रस, सगळ्यांचं तेच. पातेल्यात काही कळत नाही, ताटलीत मात्र मिश्रण पाण्यासारखं राहतं. मग घाईनं पुन्हा उकळलं जातं आणि उरलीसुरली पकडही जाते. उपाय सोपा आहे. अगर साध्या पाण्यात पूर्ण शिजवायचं, साखर घालायची, आच बंद करायची, दोन मिनिटं थांबायचं आणि मग आंबट रस मिसळायचा. रस फ्रिजमधला नको. थंड रस ओतला की पातेल्यातच अगर जागच्या जागी थिजतं, लगद्यासारखे तुकडे होतात आणि ते ढवळून जात नाहीत. रस कोमट, ४०–५० अंशांचा असावा. आंबटासाठी पावडर थोडी वाढवावी, जिथं ४ ग्रॅम पुरली असती तिथं ५.

अननसाची गोष्ट उलटी आहे. ताजा अननस, किवी, पपई, आलं यांच्यातले पाचक रस प्रथिनं तोडतात, म्हणून त्यांच्यात जिलेटिन कधीच थिजत नाही. जिलेटिनवाले डब्यातला शिजवलेला अननस वापरतात तो यासाठी. अगरमध्ये प्रथिनच नाही, तोडायचं काय? ताज्या अननसाचे तुकडे बिनधास्त घालावेत, फक्त त्याचा आंबटपणा आचेपासून लांब ठेवावा.

आमरसाला तर आच दाखवूच नये. हापूसचा वास उकळीत निघून जातो. २०० मिली पाण्यात ४ ग्रॅम पावडर शिजवायची, ढवळून खोलीच्या उबेला आणलेला ५०० ग्रॅम आमरस आधी वाडगाभर त्या गरम पाण्यात कालवून मग सगळा मिसळायचा आणि लगेच ताटात ओतायचा. इथं दिरंगाई महागात पडते. घट्ट रसात अगर पातेल्याच्या कडेनं थिजायला लागतं आणि ते ढवळलं की वडीत बारीक दाणे राहतात. डबाबंद पल्पमध्ये बहुधा सायट्रिक ॲसिड असतं, तेव्हा तिथं ५ ग्रॅम धरावेत.

नारळाचं दूध हा आपला घरचा विषय, आणि इथंच व्हीगन जेली खरी रंगते. तेच सगळ्यात जास्त फसतंही. सोलकढी करणाऱ्याला ठाऊक असतं की नारळाचं दूध खळखळा उकळलं की फुटतं, तेल वर येतं आणि खाली पाणी राहतं. अगर शिजवायला खळखळ उकळी लागते. या दोघांना एका पातेल्यात उकळणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. म्हणून पाणी वेगळं, दूध वेगळं. २०० मिली पाण्यात ३ ग्रॅम पावडर शिजवून तिच्यात ६० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालायचं. दुसऱ्या पातेल्यात ४०० मिली जाड नारळाचं दूध हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त, ५०–६० अंशांपर्यंत तापवायचं. एकत्र करून हळूहळू ढवळत राहायचं. लगेच साच्यात ओतलं तर थिजेपर्यंतच्या वेळात नारळाची चरबी वर तरंगते आणि दोन थर पडतात. वर पांढरा दाट, खाली धूसर पाणीदार. ते नको असेल तर मिश्रण ४५ अंशांच्या जवळ येईपर्यंत ढवळून मगच ओतायचं. थर्मामीटर नसेल तर पातेल्याच्या कडेला पहिली पातळ साय धरताना दिसते, तो क्षण. त्यानंतर हातात दोन-तीन मिनिटंच असतात.

म्यानमारमध्ये हेच दोन थर हवेहवेसे मानतात. तिथल्या चौज्याव या नारळाच्या जेलीत दूध मुद्दाम वर येऊ देतात, आणि प्रत्येक चौकोनाला खाली पारदर्शक व वर पांढरी अशी दोन अंगं मिळतात. फसलेल्या जेलीचं इतकं सुंदर नाव ठेवायला एका अख्ख्या देशाचा आत्मविश्वास लागतो.

डब्यातलं किंवा पाकिटातलं नारळाचं दूध ताज्यापेक्षा कमी फुटतं, कारण त्यात बहुधा डिंकासारखं काहीतरी घातलेलं असतं. पण व्हीगन खाणाऱ्यानं नारळाच्या दुधाची पावडर घेताना पाकीट उलटून बघावंच. बऱ्याच पावडरींत सोडियम केसिनेट असतं, म्हणजे चक्क दुधातलं प्रथिन. पाकिटावरचा हिरवा ठिपका इथं कामाचा नाही, तो दुधालाही मिळतो. व्हीगनसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि त्याची खूणही वेगळी, हिरव्या चौकटीतला इंग्रजी व्ही. घटकांच्या यादीत आकडे वाचता आले तर आणखी बरं. ४०६ म्हणजे अगर, ४०७ कॅराजीनन, ४४० पेक्टिन. ४२८ दिसलं की ते जिलेटिन. लाल जेलीत १२० दिसलं तर तो किड्यांपासून काढलेला कार्माइन रंग.

‘व्हेज जेली’ म्हणून रंगीत पाकिटांत जे मिळतं ते बऱ्याचदा अगर नसून कॅराजीनन असतं. तेही लाल शेवाळातलंच, पण स्वभावानं वेगळं. त्याचा कप्पा नावाचा प्रकार अगरसारखाच ठिसूळ थिजतो, तर आयोटा मऊ आणि लवचिक. ज्यांना थरथरणारी जेलीच हवी त्यांनी आयोटाकडे वळावं, किंवा कप्पामध्ये लोकस्ट बीन गम (कॅरोबच्या बियांचा डिंक) मिसळावा. अगरशी हुज्जत घालत बसू नये. कप्पाची एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गाईच्या दुधात तो चिमूटभर पुरतो, कारण दुधातल्या केसीनशी त्याची गाठ जमते. तीच पाककृती बदाम किंवा ओटच्या दुधात केली की पातळ राहते, कारण तिथं केसीन नाही. दुधाची जेली व्हीगन करताना नुसतं दूध बदलून भागत नाही ते यामुळे. उलट शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि कप्पाला पोटॅशियम आवडतं, त्यामुळे तिथं नेहमीपेक्षा कडक थिजतं.

अगरलाही थोडं लवचिक करता येतं. अगर आणि गम मिळून जे वजन होईल त्याच्या दहा-पंधरा टक्के लोकस्ट बीन गम घालायचा, साखरेत कोरडा मिसळून, आणि अगरबरोबरच उकळायचा. पाणी सुटणंही त्यानं कमी होतं. घरात असलेला गवारगम त्याच्या जागी चालतो असं बरेचजण सांगतात. चालत नाही. तो फक्त बुळबुळीतपणा देतो. कोंजॅक या कंदापासूनची जेली सगळ्यात चिवट, इतकी की तिच्या छोट्या कपांतल्या जेली लहान मुलांच्या घशात अडकून दुर्घटना झाल्या आणि युरोपीय संघानं त्या बंद केल्या. अगरसुद्धा तोंडात वितळत नाही, तेव्हा लहानग्यांना तो मऊ आणि बारीक कापूनच द्यावा.

मूस किंवा फेसाळ पुडिंग करणाऱ्यांची तक्रार वेगळी असते. थिजता थिजता जिलेटिन काही वेळ काकवीसारखं दाट होतं, त्या वेळात त्यात फेटलेला फेस हलकेच मिसळता येतो. अगरला ती मधली अवस्था जवळजवळ नाहीच. आत्ता पाणी, आणि पाठ फिरवली की ठोकळा. म्हणून मूससाठी अगर आधी पूर्ण थिजवून, मिक्सरमध्ये फिरवून गुळगुळीत लगदा करायचा आणि त्यात छोल्यांच्या शिजवलेल्या पाण्याचा फेटलेला फेस किंवा नारळाची साय मिसळायची. हलकेपणा येतो, आणि ही मूस उन्हात गळतही नाही. फळांच्या तुकड्यांनाही याच घाईचा फटका बसतो. सफरचंद, स्ट्रॉबेरी तरंगतात, द्राक्षं तळाला जातात, आणि दाट व्हायची वाट बघायला वेळ मिळत नाही. थर थर ओतणं हाच मार्ग.

फ्रीजरमध्ये मात्र अगरची जेली ठेवू नये. बर्फाचे स्फटिक जाळी फाडतात, वितळल्यावर पाणी वेगळं होतं आणि हातात ओला स्पंज उरतो. गंमत अशी की चायना ग्रासचा जन्मच या बिघाडातून झाला. सतराव्या शतकाच्या मध्यात क्योटोजवळच्या फुशिमीत मिनो तारोझाएमोन या खानावळवाल्यानं उरलेली शेवाळाची जेली हिवाळ्यात बाहेर टाकली, अशी तिथली कथा. रात्री ती गोठली, दिवसा वितळली, पाणी निथळलं आणि कोरडा, वासरहित सांगाडा मागे राहिला. तो उकळला की पुन्हा जेली. नागानोतल्या सुवाच्या परिसरात आजही हिवाळ्यात उघड्या शेतांत जेलीचे ठोकळे मांडून ती अशीच वाळवतात. जपानी लोकांनी तिला थरथरायला कधी सांगितलंच नाही. त्यांच्या आनमित्सुत जवळजवळ बिनचवीचे पारदर्शक चौकोन असतात, आणि सगळी चव गोड राजमावजा पुरणात, काळ्या साखरेच्या पाकात आणि फळांत. चौकोनांकडे काम फक्त गारव्याचं आणि दातांखाली कुरकन मोडण्याचं.

आपल्याकडे हे शेवाळ रामनाथपुरम जिल्ह्यातल्या मच्छीमार बायका मन्नारच्या आखातातून काढतात. डोळ्यांवर गॉगल, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, श्वास रोखून बुडी मारायची आणि खडकांवरून हातानं उपटायचं. १९८६ साली तिथली २१ बेटं राष्ट्रीय उद्यानात गेली, तेव्हापासून कुठं उतरायचं आणि कुठं नाही हा त्यांचा रोजचा झगडा आहे. वनस्पतीजन्य म्हणून आपण निर्धास्त होतो, पण त्या पिवळट पट्टीमागेही कुणाचे तरी चिरलेले हात असतात. व्हीगन म्हटलं की जनावरांचा हिशेब चुकता होतो, माणसांचा तसाच राहतो. हे जेली खाताना आठवावंसं वाटत नाही, आणि आठवलं की विसरताही येत नाही.

शेवटी एक थरांची जेली, कोकम आणि नारळाची. वर सांगितलेला नारळाचा थर करून २० सेंटिमीटरच्या चौकोनी, पाण्यानं विसळलेल्या ट्रेमध्ये ओतावा. तेल लावायची गरज नाही, अगर कडेनं आपोआप सुटतं. तोवर १०–१२ आमसुलं २५० मिली गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, कुस्करून, गाळून ठेवायची. आगळ वापरायचं असेल तर त्यातलं मीठ लक्षात घ्यावं. ३५० मिली पाण्यात ५ ग्रॅम पावडर शिजवून १२० ग्रॅम साखर विरघळवायची, आच बंद करून कोमट कोकमाचं पाणी मिसळायचं. आता खरा प्रश्न वेळेचा. खालचा थर पुरता थिजून कोरडा झाला असेल तर वरचा त्याला धरत नाही आणि कापताना दोन्ही वेगळे सरकतात. तो अजून पातळ असेल तर लाल रंग पांढऱ्यात उतरतो. बोट टेकवलं तर चिकटेल पण खड्डा पडणार नाही, अशा वेळी ओतायचं. ओतायचं मिश्रण ६० अंशांच्या आसपास असावं, आणि धार सरळ न पाडता उलट्या चमच्याच्या पाठीवरून सोडावी. उशीर झालाच तर काट्यानं पांढऱ्या थरावर हलके ओरखडे काढावेत, ते वरच्या थराला धरायला जागा देतात. वरचा फेस चमच्यानं काढून टाकायचा, नाहीतर तो तसाच थिजून राहतो.

दोन तास गार करून, सुरी दर वेळी पाण्यात बुडवत दोन बोटं रुंद चौकोन कापावेत. वाटीत चार चौकोन, वर जिरं न घातलेलं गार कोकम सरबत किंवा पातळ नारळाचं दूध. कोरडी वाढू नये. ओली असली की तिचा ठिसूळपणा खटकत नाही, उलट तोच खायला मजा येते. झाकून ठेवली तर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते, मात्र दुसऱ्या दिवशीपासून तळाला पाणी सुटतं, ते ओतून द्यावं. कापताना पहिला चौकोन कोपऱ्यातला काढायचा. तो हमखास मोडतो, आणि मोडलेला करणाऱ्यानं उभ्या उभ्या खायचा असतो.